टीएसओ (मोठं पॅकेट नेटवर्क कार्डाने तोडणं) बंद केल्यावर बॅकअप चालला, पण मग ते काम आता करतंय कोण?

कृष्णाकाठ, मंगळवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सांगलीकडच्या एका पतसंस्थेचे दोन सर्व्हर माझ्याकडे आहेत, दोन्हीवर लिनक्स, रोज रात्री पहिल्याचा बॅकअप दुसऱ्यावर जातो, मधे एक गिगाबिटचा स्विच आणि बॅकअपसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवर टॅग लावून वेगळं ठेवलेलं नेटवर्क. गेल्या आठवड्यात पहिल्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड गेलं म्हणून दुसरं टाकलं, कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि तेव्हापासून बॅकअप अडकतोय. म्हणजे कसं, पिंग व्यवस्थित, एसएसएचने आत जाता येतं, छोट्या फाईली जातात, पण मोठी फाईल सुरू केली की जरा पुढे जाते, थांबते, परत जरा जाते, परत थांबते. काल ४ तास वाट बघितली आणि बंद केलं.

पहिल्यांदा वाटलं एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ असेल म्हणून १४७२ बाइटचे पिंग तुकडे न करता पाठवले, तेही सगळे गेले. मग पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावला तर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटपुढे चेकसम इनकरेक्ट, म्हणजे पडताळणीची बेरीज चुकली, असं येतंय, आणि लांबी २८९६० वगैरे, आता १५०० चा एमटीयू असताना २८९६० चं पॅकेट आलं कुठून तेच कळेना. कार्डच खराब आहे का? सभासदांच्या खात्यांचा डेटा आहे त्यामुळे झोप लागत नाहीये, कुणीतरी सांगा.

रात्रपाळी, मंगळवार रात्री ११:४८

ऑफलोड, म्हणजे सीपीयूचा भार हलका करायला ठेवलेल्या सोयी, सगळे बंद कर. टीएक्स, आरएक्स, एसजी, टीएसओ, जीएसओ, जीआरओ. इथटूलला (कार्डाच्या सेटिंगची कमांड) मोठा के देऊन एका ओळीत होतं. आम्ही डेटा सेंटरमधे नवीन मशीन आलं की पहिलं हेच करायचो.

कृष्णाकाठ, बुधवार सकाळी ७:०५

दादा खूप आभार, बॅकअप पूर्ण झाला एकदाचा. पण मशीन जुनं आहे, दोन कोरचं, कमी विजेवर चालणारं. कॉपी चालू असताना एक कोर पूर्ण भरून जातोय, टॉपमधे केसॉफ्टआयआरक्यूडी (कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, पॅकेटं हाताळणारा थ्रेड) सगळ्यात वर, आणि सकाळी काउंटरवरच्या मुलींनी सांगितलं की पासबुक एंट्री उशिरा येतेय. असंच ठेवायचं का?

पॅकेट_पाहणारी, बुधवार सकाळी ९:३०

नका ठेवू. आधी जे दिसलं त्याचा अर्थ नीट लावू या, कारण तुम्हाला दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही निरोगी मशीनवरही अश्याच दिसतात.

चेकसम इनकरेक्ट येतंय कारण टीसीपीडम्पला पॅकेटची प्रत कार्डाकडे जाण्याच्या आधी मिळते. चेकसम भरायचं काम कार्डाचं असेल तर कर्नेल त्या जागी फक्त स्यूडो हेडरची (पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी एवढ्याचीच) बेरीज ठेवतो, बाकीची बेरीज कार्ड करून जागेवर लिहितं. म्हणजे तुम्ही अर्धा भरलेला फॉर्म बघितलात. आणि २८९६० म्हणजे २० गुणिले १४४८. १५०० मधून आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि टाइमस्टॅम्पचे १२ गेले की १४४८ उरतात, असे २० तुकडे एकाच मोठ्या पॅकेटमधे बांधून कर्नेलने कार्डाला दिले, तोडायचं काम कार्डाचं. हेच टीएसओ.

आता खरा प्रश्न, कार्ड ते तोडणं आणि बेरीज नीट करतंय का. ते पाठवणाऱ्या मशीनवर कधीच दिसणार नाही, घेणाऱ्या मशीनवर बघायला लागेल. तिथे एनस्टॅट (कर्नेलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) चालवून टीसीपी इन चेकसम एरर्स हा आकडा बघा. रात्री सगळं परत चालू करा, मोठी फाईल पाठवा, आकडा वाढतो का ते बघा. मग फक्त टीएसओ बंद करून तीच फाईल परत पाठवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर नक्की कशाने बरं झालं ते कधी कळणार नाही.

रात्रपाळी, बुधवार सकाळी १०:१५

ताई पटलं. आम्हाला कुणी असं सांगितलंच नव्हतं, एक स्क्रिप्ट हाताशी आली होती तीच पुढे चालत राहिली.

कृष्णाकाठ, गुरुवार पहाटे १२:५०

केलं ताई. सगळं चालू असताना घेणाऱ्याकडे तो आकडा भराभर वाढला आणि कॉपी अडकली. फक्त टीएसओ बंद केल्यावर आकडा जागचा हलला नाही, फाईल सरळ गेली, आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्राम) सेकंदाला ९३९ मेगाबिट दाखवतोय आणि कोरवरचा भार नेहमीपेक्षा थोडासाच जास्त आहे. अजून एक, व्हीलॅन नसलेल्या इंटरफेसवरून तीच फाईल टीएसओ चालू ठेवूनही व्यवस्थित जाते. म्हणजे व्हीलॅनचा टॅग आणि टीएसओ एकत्र आले की हे कार्ड चुकतंय.

पण एक कळलं नाही. टीएसओ बंद केलं म्हणजे कार्ड आता तोडत नाही, मग ते तोडणं कोण करतंय? आणि सगळं बंद केलं तेव्हा मशीन दमलं, हे एकच बंद केलं तर जवळपास काहीच फरक नाही, असं का?

पॅकेट_पाहणारी, गुरुवार सकाळी ८:४०

९३९ म्हणजे गिगाबिटवर जास्तीत जास्त जाऊ शकतं तेवढं जातंय. तारेवर एक पूर्ण फ्रेम प्रिअँबल, व्हीलॅनचा टॅग, मधली रिकामी जागा वगैरे सगळं धरून १५४२ बाइटची पडते, त्यात कामाचे १४४८, भागून बघा.

कोण करतंय याचं उत्तर जीएसओ. हर्बर्ट शू यांनी हे लिहिलं आणि २००६ मधे २.६.१८ कर्नेलमधे आलं. त्याआधी कार्डाला टीएसओ येत नसेल तर टीसीपीला सुरुवातीलाच १४४८ चे तुकडे करायला लागायचे, आणि मग प्रत्येक तुकडा वेगळा रूटिंगमधून, फायरवॉलच्या नियमांतून, रांगेतून जायचा. ६४ केबीला साधारण ४५ तुकडे म्हणजे तोच प्रवास ४५ वेळा. जीएसओने काय केलं तर कार्डाला येत असो नसो, वरच्या थरांना मोठंच पॅकेट नेऊ दिलं, आणि अगदी दारात, ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या क्षणी कर्नेल बघतो की ह्या कार्डाला हे जमतं का, जमत नसेल तर तिथे स्वतः तोडतो. तोडायची मेहनत तेवढीच राहिली पण प्रवास ४५ चा एकच झाला. कार्डाची अजिबात मदत नसताना सुद्धा वेग वाढतो तो ह्यामुळे, आणि मला हे काम फार मोलाचं वाटतं.

तुम्ही एसजी बंद केलंत तिथे घोटाळा झाला. एसजी म्हणजे मेमरीत इकडे तिकडे विखुरलेले तुकडे कार्डाने स्वतः उचलणं. ते गेलं की कर्नेल इंटरफेसवरचं जीएसओही उतरवतो, आणि दरवेळी डेटा एका सलग जागेत कॉपी करायला लागतो. वर चेकसमही सीपीयूवर. आणि जीआरओ बंद म्हणजे बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट एकेकटं वर जाणार. सगळा बोजा एकदम पडला.

इथटूल मोठा के दिल्यावर खाली ॲक्चुअल चेंजेस म्हणून यादी छापतं ती वाचत जा. टीएक्स चेकसम बंद केला की टीएसओ आपोआप जातो, कारण कार्ड तोडणार म्हणजे प्रत्येक तुकड्याचा चेकसमही त्यानेच भरायला हवा. आणि छोटा के देऊन यादी बघितली की काहींपुढे चौकटी कंसात फिक्स्ड असतं, त्याला हात लावता येत नाही.

बर्लिनकर, गुरुवार दुपारी ३:१०

मी ड्रायव्हरवर काम करतो म्हणून त्या दारातल्या तपासणीबद्दल थोडं. नेट कोअरच्या डेव्ह नावाच्या फाईलमधे व्हॅलिडेट एक्समिट एसकेबी नावाचं फंक्शन आहे, ते वाचाच, फार मोठं नाही. व्हीलॅनचा टॅग कार्ड लावू शकत नसेल तर आधी टॅग पॅकेटच्या आत ढकलतो, मग जीएसओ लागतंय का बघून तोडतो, तोडायची गरज नसेल तर विखुरलेलं पॅकेट सलग करायला लागेल का आणि चेकसम राहिलाय का ते बघतो, राहिला असेल तर एसकेबी चेकसम हेल्प बोलावून सीपीयूवर बेरीज करतो. एकामागून एक, शांतपणे.

कार्डाला काय येतं ही यादीही एकच नसते, व्हीलॅनवाल्या पॅकेटांसाठी वेगळी असते. कृष्णाकाठ भाऊ, तुमच्या ड्रायव्हरने व्हीलॅनच्या यादीत टीएसओ येतं असं लिहिलंय आणि कार्डाला ते येत नाहीये असं दिसतं. ती एक खूण ड्रायव्हरमधून काढली तर टॅग असलेली पॅकेटं कर्नेल तोडेल आणि बाकीची कार्डच तोडत राहील. याच्याही पुढे जाऊन ड्रायव्हर एकेका पॅकेटला सांगू शकतो की हे मला नको, म्हणजे टनेलचं हेडर ओळखीचं नसेल तर तेवढंच पॅकेट सॉफ्टवेअरकडे. आम्ही हे रोज वापरतो. हार्डवेअर एकदा छापून बाहेर पडलं की दुरुस्त करता येत नाही, म्हणून हा रस्ता नसता तर अर्धी कार्डं फेकून द्यायला लागली असती. रियलटेक कार्डांच्या आर८१६९ ड्रायव्हरमधे तर पूर्वी लेखकांनी स्पष्ट टीप लिहून ठेवली होती की एसजी आणि टीएसओमुळे काहींकडे पाठवणं अडकल्याच्या तक्रारी आल्या, बऱ्याच जणांकडे ठीक चालतं, म्हणून दोन्ही सुरुवातीला बंद ठेवतोय, हवं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर चालू करावं. मला ही प्रामाणिक पद्धत वाटते.

२०१८ मधे टीसीपीच्या कोडमधून जीएसओ नसेल तर काय करायचं तो सगळा भागच काढून टाकला, ४.१७ कर्नेल. टीसीपी आता धरूनच चालतो की मोठं पॅकेट चालणार. सॉफ्टवेअरचा पर्याय इतका भरवशाचा झाला की वरचा कोड एकाच तऱ्हेने लिहिता आला.

कृष्णाकाठ, गुरुवार संध्याकाळी ७:३०

वाचतोय, दोनदा वाचायला लागलं पण कळतंय. एक बघितलं, टीएसओ बंद असताना फिजिकल इंटरफेसवर टीसीपीडम्प लावला तर आता १४४८ चीच पॅकेटं दिसतात, व्हीलॅनच्या इंटरफेसवर मात्र अजून मोठी दिसतात. आणि चेकसम इनकरेक्ट दोन्हीकडे आहेच.

पॅकेट_पाहणारी, गुरुवार संध्याकाळी ७:५५

अगदी बरोबर दिसतंय. कर्नेलने तोडल्यानंतर आणि कार्डाला देण्याआधी अशी ती फिजिकलवरची प्रत निघते, म्हणून तुकडे दिसले. चेकसम अजून कार्डच भरतंय म्हणून तो अर्धवटच दिसणार. घेणाऱ्याकडे लावाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथे जीआरओने पॅकेटं परत जोडलेली असतात, त्यामुळे तारेवर खरं काय चाललंय ते बघायचं तर स्विचचा मिरर पोर्ट घ्या.

होस्टेल_रूम, गुरुवार रात्री १०:१२

मधेच विचारतो. माझ्याकडे केव्हीएमवर एक जुनं व्हर्च्युअल मशीन आहे, त्याला डीएचसीपीने पत्ताच मिळत नाही, होस्टवर बघितलं तर उत्तर जाताना दिसतं. यात पण हेच आहे का?

पॅकेट_पाहणारी, गुरुवार रात्री १०:४०

हो, हे ह्याच घरातलं दुखणं आहे. डीएचसीपी सर्व्हर त्याच होस्टवर असेल तर पॅकेट कुठल्याच खऱ्या कार्डातून जात नाही, व्हर्टिओ या आभासी कार्डातून अर्ध्या चेकसमसकट थेट आत पोचतं. आतल्या कर्नेलला माहीत असतं की हा भरायचा राहिलाय आणि चालेल, पण जुना डीएचसीपी क्लायंट पॅकेट सॉकेटवर कच्चं पॅकेट उचलतो आणि स्वतः बेरीज तपासतो, जुळत नाही म्हणून टाकून देतो. त्यासाठीच आयपीटेबल्स या फायरवॉलमधे चेकसम भरून देणारं एक टार्गेट २०१० मधे आलं, पोस्टरूटिंगच्या मँगल टेबलमधे ६८ पोर्टला जाणाऱ्या यूडीपीवर लावायचं. नाहीतर क्लायंट नवीन घे, नवीन क्लायंट कर्नेलला विचारतात की ह्याचा चेकसम तयार आहे का.

जुनी_चावी, शुक्रवार सकाळी ६:२०

फोंड्याहून नमस्कार. तुम्ही सगळे लिनक्सचं बोलताय, मी फ्रीबीएसडीवाला, तिकडे गोष्ट वेगळी आहे ती सांगतो. चेकसमला पर्याय आहे, आयपी आउटपुटमधे इन डिलेड चेकसम म्हणून फंक्शन, इंटरफेसला येत नसेल तर तिथे बेरीज होते. पण टीएसओला जीएसओसारखा सगळ्यांसाठीचा सॉफ्टवेअर पर्याय नाही, त्यामुळे ब्रिज केला (अनेक इंटरफेस एकत्र जोडले) की तो बघतो सगळ्या सभासद इंटरफेसांना काय काय येतं, आणि एकालाही टीएसओ किंवा टीएक्स चेकसम येत नसेल तर सगळ्यांचा बंद करतो. एलआरओ (येणारी पॅकेटं जोडणं) तर कायमच बंद. म्हणजे एका साध्या टॅप (आभासी) इंटरफेसमुळे चांगल्या कार्डाचंही बळ जातं. सुरक्षित आहे, पण मला जीएसओचा हेवा वाटतो.

ओपनबीएसडीने २०२३ मधे टीएसओ घेतलं तेव्हा बरोबरच टीसीपी चॉपर नावाचं सॉफ्टवेअरमधलं तोडणं लिहिलं, कार्डाला जमत नसेल तर ते चालतं. इल्युमॉस या सिस्टममधेही मॅक थरात हार्डवेअरची नक्कल करणारा भाग आहे, एकाच मशीनवरच्या दोन व्हर्च्युअल कार्डांमधे पॅकेट जातं तेव्हा मधे खरं कार्ड नसतंच, मग चेकसम आणि तोडणं कुणीतरी करायलाच हवं ना.

रात्रपाळी, शुक्रवार सकाळी ९:००

काका, एलआरओ कायम बंद का? जीआरओ आणि एलआरओ एकच ना?

जुनी_चावी, शुक्रवार सकाळी ९:४५

एक नव्हे रे. एलआरओ येणारी पॅकेटं जोडताना हेडरमधले फरक विसरतं, ते मशीन शेवटचं घर असेल तर चालून जातं. पण पॅकेट पुढे पाठवायचं असेल तर परत जसंच्या तसं तोडता यायला हवं, ते एलआरओला येत नाही. जीआरओ २००९ मधे २.६.२९ मधे आलं, ते परत तसंच तोडता येईल इतकीच जुळणारी पॅकेटं जोडतं आणि मूळ तुकडा किती बाइटचा होता ते लिहून ठेवतं. म्हणून राउटरवर जीआरओने जोड, एकदाच रूट कर, बाहेर पडताना जीएसओने तोड, असं जमतं. लिनक्समधे फॉरवर्डिंग चालू केलं की एलआरओ आपोआप उतरतं ते यासाठी.

बर्लिनकर, शुक्रवार दुपारी १:३०

काकांनी छान सांगितलं. अजून दोन ठिकाणं सांगतो. कार्डाला एकच रांग असेल, म्हणजे आरएसएस (कार्डानेच पॅकेटं अनेक रांगांत वाटणं) नसेल, तर आरपीएस आहे, २०१० मधे २.६.३५ मधे आलं, हॅश काढून पॅकेटं वेगवेगळ्या कोरवर वाटतं. कृष्णाकाठ भाऊ, तुमच्या दोन कोरच्या मशीनवर हे लावून बघा, सिसएफएसमधे रांगेच्या फोल्डरमधे आरपीएस सीपीयूज ही फाईल असते, त्यात मास्क लिहायचा.

दुसरं केटीएलएस, म्हणजे टीएलएसचं एन्क्रिप्शन कर्नेलमधे घेणं, त्यातला कार्डावर सोपवायचा प्रकार. इथे कार्ड एन्क्रिप्शन करतं, म्हणजे कर्नेलमधून कार्डापर्यंत मजकूर उघडा जातो. समजा मधेच रूट बदलला आणि पॅकेट दुसऱ्याच कार्डाकडे निघालं ज्याला हे येत नाही, तर उघडा मजकूर तारेवर जाईल. म्हणून दारातल्या त्याच तपासणीत सॉकेटचा हुक आहे, तो बघतो की हे ठरलेलं कार्ड आहे का, नसेल तर तिथेच सीपीयूवर एन्क्रिप्ट करून मगच सोडतो. इथे पर्याय चुकला तर गुपित फुटतं, त्यामुळे तो कोड तपासताना मी फार सावकाश वाचतो.

पूर्ण टीसीपीच कार्डात घालायचं, ज्याला टीओई म्हणतात, ते लिनक्सने मुख्य कर्नेलमधे घेतलं नाही, त्यामागेही हा विचार आहे. तोडणं, जोडणं, बेरीज, याला आठवण लागत नाही, कुठल्याही क्षणी सॉफ्टवेअर ते हातात घेऊ शकतं. अख्खं कनेक्शन कार्डाच्या आत राहायला गेलं की ते परत बाहेर काढणं कठीण, आणि आतल्या टीसीपीत भोक निघालं तर कर्नेल अपडेट करून काही उपयोग नाही.

कृष्णाकाठ, शुक्रवार रात्री ९:१५

आता माझी खरी काळजी. कार्ड गेल्या आठवडाभर चुकीचं वागत होतं. त्या दिवसांत जे बॅकअप अडखळत का होईना पूर्ण झाले, त्यात डेटा बिघडला असेल का?

पॅकेट_पाहणारी, शुक्रवार रात्री ९:५०

बहुतेक नाही, पण बहुतेक वर बॅकअप सोडू नका. तुमच्याकडे चेकसम चुकत होता म्हणून घेणाऱ्याने पॅकेट टाकून दिलं आणि परत मागवलं, म्हणून अडखळत होतं. त्यात एसएसएचवरून कॉपी असेल तर त्याची स्वतःची वेगळी पडताळणीही असते. पण उलटंही होऊ शकतं. कार्डाने बिघडलेल्या डेटाची बरोबर बेरीज केली तर घेणाऱ्याला काहीच कळणार नाही, कारण बेरीजही बिघाडानंतरची आहे. पूर्वी सीपीयू करायचा तेव्हा बसवरचा आणि कार्डाच्या आतला बिघाड सुद्धा त्यात पकडला जायचा.

घेणाऱ्या बाजूला हे खरोखर झालेलं आहे. लिनक्सच्या व्हीएथ ड्रायव्हरमधे, जो कंटेनरला जोडतो, पॅकेट आत देताना चेकसम तपासायची गरज नाही अशी खूण सरसकट लागायची. बाहेरून आलेलं पॅकेट वाटेत बिघडलेलं असेल आणि कार्डाने न तपासता सोडलं असेल तरी कंटेनरमधे ते चांगलं म्हणून पोचायचं. ट्विटरमधल्या लोकांनी ते शोधलं आणि २०१५-१६ च्या सुमाराला दुरुस्ती गेली. दुरुस्ती म्हणजे ती खूण लावणंच काढलं, मग कर्नेलचा नेहमीचा सॉफ्टवेअर तपास आपोआप लागू झाला. जे माहीत नाही ते माहीत आहे असं कोडने म्हणू नये, मग पर्याय काम करतो.

म्हणून दोन्ही मशीनवर त्या आठवड्यातल्या फाईलींचे एसएचए २५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) काढा आणि जुळवा.

कृष्णाकाठ, शनिवार रात्री ११:३५

काढले. ७ दिवसांच्या बॅकअपपैकी ५ पूर्ण झाले होते, पाचही जुळले. उरलेले २ अर्धवट होते ते पहिल्या सर्व्हरवरून परत पाठवले, तेही जुळले. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमधेच शेवटी हे जुळवणं टाकलंय. टीएसओ बंद करायचं मात्र रीबूट केल्यावर परत चालू होतंय, ते कायमचं कसं करायचं?

बर्लिनकर, रविवार दुपारी १२:२०

सिस्टमडीची लिंक फाईल करा, मॅच मधे कार्डाचा मॅक पत्ता, लिंक मधे टीसीपी सेग्मेंटेशन ऑफलोड बरोबर फॉल्स. जीएसओची ओळ लिहू नका, ती चालू राहू दे. टीएसओ सहा म्हणून आयपीव्हीसिक्सचं वेगळं असतं, व्हीलॅनवर आयपीव्हीसिक्स वापरत असाल तर तेही बंद करा. आणि डीमेसेजमधली ड्रायव्हरची ओळ आणि एलएसपीसीआयचा आयडी मला निरोपातून पाठवा, व्हीलॅनच्या यादीतून ती खूण काढणारा पॅच मी लिहून बघतो, तपासायला तुमचं मशीन लागेल.

कृष्णाकाठ, रविवार दुपारी १२:४५

पाठवलं. बुधवारी संस्थेला सुट्टी आहे, त्या दिवशी हवं तेवढं तपासू.